आठ पौंडांची उभी जागा: पुण्याहून लंडनच्या प्रॉम्सला

ऑगस्ट २०२५ मध्ये मी लंडनला प्रॉम्स ऐकायला जाऊन आले. परतल्यापासून ओळखीचे लोक दोनच गोष्टी विचारतात: खर्च किती आला आणि व्हिसाचं कसं केलंस? मैफली कशा झाल्या हे विचारणारे मोजकेच. तेव्हा तिन्हीबद्दल क्रमाने लिहून ठेवते. मी सहकारी बँकेत नोकरी करते, पन्नाशी ओलांडली आहे, पासपोर्टवर याआधी एकच शिक्का होता आणि एजंट मुद्दाम केला नव्हता. ज्यांची परिस्थिती साधारण अशीच आहे त्यांना हे वाचून थोडा धीर यावा, एवढ्यासाठी.

प्रॉम्स म्हणजे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आठ आठवडे, जवळपास रोज संध्याकाळी चालणारा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा महोत्सव. रॉबर्ट न्यूमन हा व्यवस्थापक आणि हेन्री वुड हा संगीत संचालक, या दोघांनी १८९५ मध्ये क्वीन्स हॉलमध्ये तो सुरू केला. हेतू असा की ज्याच्या खिशात एक शिलिंग आहे त्यालाही वाद्यवृंद ऐकता यावा, मग उभं राहून का होईना. १९२७ पासून बीबीसीने त्याची जबाबदारी घेतली. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला आणि महोत्सव रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेला, तो कायमचाच. उभ्याची प्रथा मात्र टिकली. आजही प्रत्येक मैफलीला शेकडो उभ्या जागा असतात, २०२५ मध्ये आठ पौंडांना, आणि त्या बहुतेक त्याच दिवशी सकाळी विक्रीला येतात.

अडचण इथेच आहे. लंडनमध्ये राहणारा माणूस सकाळी उठून ठरवतो, आज ऐकायला जाऊ. भारतीय पासपोर्टवाल्याला तेच मे महिन्यात ठरवावं लागतं आणि वर सहा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटनिशी सिद्ध करावं लागतं. मी काढलेला मार्ग असा: कागदपत्रं अगदी घट्ट बांधायची आणि संध्याकाळी मोकळ्या सोडायच्या.

एप्रिल आणि मे

वर्षाचा संपूर्ण कार्यक्रम एप्रिलच्या अखेरीस जाहीर होतो. २०२५ मध्ये रशियन संगीतकार शोस्टाकोविचच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याचं बरंच काही होतं, आणि ऑगस्टच्या मध्यात अनुष्का शंकर यांची मैफल होती. माझ्या तारखा कार्यक्रमाने ठरवल्या नाहीत, पंचांगाने ठरवल्या. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला. त्याआधी घरी परतणं भागच होतं. म्हणून ९ ऑगस्टला निघायचं आणि चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधी परत यायचं, असं ठरलं. बँकेत रजेचा अर्ज तेव्हाच टाकला. रजा मंजुरीचं पत्र व्हिसासाठी लागतं, आणि आमच्याकडे ते मिळायला व्हिसापेक्षा जास्त वेळ लागेल की काय अशी मला धास्ती होती. मिळालं, तीन आठवड्यांनी.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो म्हणाला, “मावशी, मीही येतो, तिथेच भेटू.” त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट. त्याला व्हिसा लागत नाही, फक्त ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी. ती सोळा पौंडांत आणि त्याच्या बाबतीत त्याच दिवशी मिळाली, दोन वर्षं चालते. माझी फाइल व्हिडिओ कॉलवर पाहून तो बराच वेळ गप्प होता. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे पण पासपोर्ट भारतीयच आहे, त्यांनी ईटीएच्या भरवशावर राहू नये. त्यांना माझ्यासारखाच व्हिसा काढावा लागतो.

आता तिकीट आधी की व्हिसा आधी? बसायच्या जागांची खुली विक्री १७ मे रोजी लंडनच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्या दुपारी दीडला सुरू झाली. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीच करता येतो, त्याहून लवकर नाही. म्हणजे तिकीट घेताना हातात व्हिसा असणं ऑगस्टच्या प्रवाशाला जवळपास अशक्यच. मैफलीचं तिकीट परतही होत नाही. मी दोनच बसायच्या जागा घेतल्या, ज्या संध्याकाळी गर्दी होणार हे उघड होतं त्यांच्या. व्हिसा नाकारला गेला असता तर पन्नास-पंचावन्न पौंडांवर पाणी सोडावं लागलं असतं. तेवढी जोखीम परवडणारी होती. विमानाचं तिकीट मात्र व्हिसा हातात येईपर्यंत काढलं नाही. ब्रिटिश सरकारचं संकेतस्थळच तसं सांगतं. आपल्याकडचे जाणकार मात्र “बुकिंग दाखवावंच लागतं” असं छातीठोकपणे सांगतात, त्यांचं ऐकू नका.

विक्रीच्या दिवशी संकेतस्थळ आधी प्रतीक्षेत उभं करतं आणि रांगेतला क्रमांक देतं. माझा नंबर यायला पाऊण तास लागला. त्या वेळात एक काम करून ठेवा: बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावरचे परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करा. बहुतेक कार्डांवर ते बंद असतात आणि हे नेमकं पैसे भरायच्या क्षणी कळतं. काउंटरमागे बसून मी हे रोज ग्राहकांना सांगते.

जागा निवडताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘सर्कल’ म्हणजे वरचा मजला. स्वस्त, मंच लांब, पण सगळा दिसतो. ‘क्वायर’ म्हणजे मंचाच्या मागच्या खुर्च्या, गायकवृंद नसेल तेव्हा विकतात. तिथून वाद्यवृंदाच्या पाठी दिसतात आणि संचालकाचा (कंडक्टरचा) चेहरा समोर येतो. मी एक जागा इथली आणि एक तिथली घेतली.

व्हिसा

२६ मे रोजी ऑनलाइन अर्ज भरायला बसले. अर्ज लांब आहे पण अवघड नाही. महिन्याचं उत्पन्न, महिन्याचा खर्च, या प्रवासाला किती खर्च करणार, कोण करणार, गेल्या दहा वर्षांत कुठे गेलात, आईवडिलांच्या जन्मतारखा. वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि घरात सांगतात ती दुसरी. जी कागदावर आहे ती लिहिली. पुढे एक पान आहे ज्यात तुम्ही युद्धगुन्हे केलेत का, दहशतवादाचं समर्थन केलंत का, असं विचारतात. साडेदहा वाजता, जेवणं आटोपल्यावर, प्रत्येकापुढे ‘नाही’ वर टिचकी मारताना उगीचच छाती धडधडते.

नेहमीच्या अभ्यागत व्हिसाची फी एप्रिल २०२५ पासून १२७ पौंड होती, म्हणजे आपले पंधरा हजारांच्या आसपास. सहा महिन्यांची मुदत, त्यात हवं तितक्या वेळा येजा. ही फी बदलत राहते, बहुधा एप्रिलमध्येच, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा आकडा पाहा. व्हिसा नाकारला तर फी परत नाही आणि अपीलही नाही. दुरुस्त करून नव्याने अर्ज करायचा, नव्याने पैसे भरायचे.

कागदपत्रं मी अशी लावली: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, नोकरीचं आणि रजेचं पत्र, फ्लॅटचा करारनामा, मैफलींची दोन तिकिटं, आणि एक पानाचं साधं पत्र. पत्रात भावना नको. कधी येणार, कुठे राहणार, कुठल्या मैफली ऐकणार, खर्चाचा अंदाज काय, परत का येणार, एवढंच. परत का येणार याचं माझं उत्तर होतं: नोकरी, घर, आणि सासूबाई. सासूबाईंचा उल्लेख ठेवावा का यावर घरात चर्चा झाली. ठेवला.

दोन बाबी सविस्तर सांगते, कारण मराठी घरांत त्या हमखास येतात. एक, मुदत ठेव. माझी एक ठेव एप्रिलमध्ये पुरी झाली आणि तीन लाख एकदम बचत खात्यात आले. अर्ज तपासणाऱ्याला ते दाखवण्यापुरते उसने आणलेले पैसे वाटू शकतात. म्हणून ठेवीची जुनी पावती आणि खातं बंद केल्याचं बँकेचं पत्र त्या नोंदीसोबत जोडलं. दोन, शेती. आमच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. तो जोडायचा असेल तर मराठी उतारा तसाच चालत नाही. इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतरकाराची सही, तारीख, संपर्क आणि ‘हे अचूक भाषांतर आहे’ असा दाखला हवा. मी ते करून घेतलं, साडेसातशे रुपयांत. पगारदार माणसाला त्याची खरंच गरज होती का? बहुधा नव्हती. पण परत येण्याचं कारण म्हणून जमिनीइतकं ठोस आपल्याकडे दुसरं काय असतं!

३ जून रोजी पुण्यातल्याच व्हिसा अर्ज केंद्रात वेळ मिळाली, मुंबईला जावं लागलं नाही. कागदपत्रं आधीच घरून अपलोड केली होती, त्यामुळे तिथे फक्त पासपोर्ट, दहा बोटांचे ठसे आणि फोटो. चाळीस मिनिटांत बाहेर. मुलाखत होत नाही. बोटांच्या टोकांवर मेंदी किंवा चीर नको. लग्नसराईत याकडे लक्ष ठेवा, माझ्या पुढच्या मुलीची यावरूनच पंचाईत झाली होती. केंद्रात आणखी बऱ्याच सेवा सुचवतात: एसएमएस, खास दालन, घरपोच पासपोर्ट. त्यातली एकही सक्तीची नाही. मी फक्त कुरिअर घेतलं. पाचशे पौंड जास्त भरले तर पाच कामाच्या दिवसांत निकाल मिळतो, पण वेळेत अर्ज केला असेल तर ते पैसे लंडनमध्ये जास्त चांगले खर्च होतात.

नेहमीची मुदत तीन आठवडे. या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे होता आणि काही कळत नव्हतं. १९ जूनला ईमेल आली की निर्णय झाला आहे. काय झाला आहे, हे त्यात लिहिलेलं नसतं! दुसऱ्या दिवशी पाकीट आलं तेव्हा मी बँकेत होते. सासूबाईंनी फोन केला, “आलंय गं तुझं. उघडू का?” उघडायला सांगितलं. पानं उलटल्याचा आवाज, मग “एक रंगीत कागद चिकटवलाय बघ, तुझा फोटो आहे त्यावर.” मिळाला. घरी गेल्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि दोन्ही तारखा तपासल्या. तुम्हीही तपासा, चूक असेल तर विमानतळावर कळण्यापेक्षा तेव्हाच कळलेली बरी.

विमान, खोली, सामान

त्याच रात्री मुंबई–हीथ्रो थेट विमान काढलं, येऊन-जाऊन एकाहत्तर हजार. प्रवास विमा व्हिसासाठी सक्तीचा नाही, पण काढाच. तिथे अभ्यागताला इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर बिल येतं.

राहण्याचं सगळ्यांना सांगते आहे. अल्बर्ट हॉल ज्या साउथ केन्सिंग्टन भागात आहे तिथली हॉटेलं आपल्या आवाक्यातली नाहीत. पण हॉलच्या अगदी मागे इम्पिरियल कॉलेज आहे आणि उन्हाळी सुट्टीत त्याची वसतिगृहं पाहुण्यांना भाड्याने देतात. एक पलंग, टेबल, स्वच्छ न्हाणीघर, वसतिगृहाची असते तशी खोली. मला रात्रीचे नव्वद पौंडांच्या आसपास पडले. स्वस्त नाही, पण रात्री मैफल संपल्यावर चालत पाच मिनिटांत खोलीत, हे माझ्या वयाच्या एकट्या बाईला फार मोलाचं होतं. जूनमध्येच आरक्षण करा. दूरच्या उपनगरात निम्म्या भाड्यात खोल्या मिळतात; तरुण असते तर तिकडेच गेले असते.

सामानात तीन चौकोनी पिनांचं ब्रिटिश प्लग अडॅप्टर, पायात सवयीचे बूट, आणि पातळ कपडे. हो, पातळ. सगळे सांगत होते स्वेटर घे, छत्री घे. मी पोचले त्या आठवड्यात लंडनने तिशी ओलांडली होती. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून पेढे घरी राहिले आणि बाकरवडी गेली.

हीथ्रोवर भारतीय पासपोर्टला स्वयंचलित गेट चालत नाही. रांगेत सव्वा तास. अधिकाऱ्याने विचारलं कशासाठी आलात, कुठे राहणार, परत कधी. मी मैफलींची तिकिटं फोनवर तयार ठेवली होती, त्याने पाहिलीसुद्धा नाहीत. भाच्याचा निरोप आला होता, “मी गेटमधून सात मिनिटांत बाहेर, कॉफी पितोय.” पी बाबा.

विमानतळावरून पिकॅडिली लाइनची भुयारी रेल्वे थेट साउथ केन्सिंग्टनला जाते, गाडी बदलावी लागत नाही, आणि २०२५ मध्ये भाडं सहा पौंडांच्या आत होतं. एलिझाबेथ लाइन जास्त वेगवान आहे, पण दुपटीहून महाग आणि या भागात येतही नाही. तिकीट काढायची गरज नाही. संपर्करहित (कॉन्टॅक्टलेस) कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना टेकवायचं. दोन्ही वेळा तेच कार्ड हवं, नाहीतर पूर्ण भाडं कापतात. दिवसभरात ठरावीक रकमेच्या पुढे कापत नाहीत, मध्य लंडनसाठी ती २०२५ मध्ये नऊ पौंडांच्या आत होती. बस त्याहून स्वस्त: तेव्हा पावणेदोन पौंडांत तासाभरात कितीही बसेस. बसमध्ये रोख पैसे चालतच नाहीत. मी नेलेल्या नोटांपैकी बहुतेक तशाच परत आल्या.

सकाळचं तिकीट

आता मुख्य गोष्ट. उभ्या जागेची तिकिटं मैफलीच्या दिवशी सकाळी हॉलच्या संकेतस्थळावर सुरू होतात. नेमकी वेळ तिथे दिलेली असते. घड्याळाचा गजर लावून बसा. नामांकित वाद्यवृंद असेल तर झपाट्याने संपतात, एरवी दुपारपर्यंतही मिळतात.

भारतातून जाणाऱ्यासाठी यात एक मेख आहे: आपल्या कार्डाचा ओटीपी आपल्या भारतीय नंबरवर येतो. लंडनचं सिम घालून भारतीय सिम पाकिटात ठेवलंत की सकाळचं तिकीट गेलंच म्हणून समजा. निघण्याआधी भारतीय नंबरवर रोमिंग सुरू करा आणि तो फोनमध्ये जिवंत ठेवा; इंटरनेटसाठी दुसरं ई-सिम वापरा. ओटीपी यायला कधी अर्धा मिनिट लागतो, तोवर तिकीट तुमच्या टोपलीत राखलेलं असतं, घाबरू नका. भाच्याच्या कार्डाला ओटीपी लागतच नाही. पण तो सकाळी उठत नाही, म्हणून त्याचंही तिकीट मीच काढायचे.

उभ्या जागा दोन ठिकाणी. ‘अरीना’ म्हणजे मंचासमोरची जमीन, जिथे वाद्यवृंद अक्षरशः हाताच्या अंतरावर असतो. जागा राखीव नसतात, म्हणून पुढे उभं राहायचं तर संध्याकाळी लवकर येऊन रांग धरायची. ‘गॅलरी’ म्हणजे छताखालची, हॉलभोवती फिरणारी कमानींची ओळ. अरीनात दोन तास उभं राहिल्यावर माझे गुडघे बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी गॅलरीत गेले, आणि पाहते तर काय, कमानींच्या मागे मंडळी चादर अंथरून बसली आहेत, काही चक्क उताणी पडली आहेत, डोळे मिटून. मुकुंदनगरच्या मैदानावर सवाईला आम्ही ज्या थाटात बसतो तोच थाट! पिशवीतून ओढणी काढली, पसरली, बसले. मंच दिसत नाही, आवाज मात्र छान पोचतो. अरीना एकदा अनुभवाच, पण गुडघ्यांची तक्रार असेल तर गॅलरी, आणि सोबत एक जाड शाल.

मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. पोशाखाचं बंधन नाही. मी एकदा सुती साडी नेसले, बाकी दिवस पंजाबी ड्रेस. अर्ध्या चड्डीत आलेले आजोबाही होते.

ऐकलं ते

अल्बर्ट हॉलची वास्तू १८७१ मधली, लंबगोल, अवाढव्य, आणि बांधल्यापासून तिच्यात प्रतिध्वनीचा दोष होता. १९६९ मध्ये छताला मोठमोठ्या तबकड्या टांगल्या, तेव्हा तो आटोक्यात आला. मान वर केली की त्या दिसतात. मला त्या वास्तूचं वेगळंच अप्रूप होतं. १९७४ मध्ये लताबाईंनी परदेशातली त्यांची पहिली जाहीर मैफल इथेच केली. आणि २०२३ च्या प्रॉम्समध्ये त्यांच्या गाण्यांना वाहिलेली एक अख्खी संध्याकाळ झाली, बर्मिंगहॅमच्या सिंफनी ऑर्केस्ट्रासह, पलक मुच्छल गायल्या. ती ऐकायला मी नव्हते.

अनुष्का शंकर यांची मैफल ऐन उकाड्यात होती, सर्कलमध्ये तर घामाच्या धारा. सतारीमागे पूर्ण वाद्यवृंद होता. मला तो काही ठिकाणी जास्त झाला. आलाप चालू असताना मागे व्हायोलिनांनी गालिचा अंथरायची गरज नसते, असं माझं मत. भाच्याला नेमकं तेच आवडलं. मध्यंतरात भांडलो.

ऑरोरा ऑर्केस्ट्राने शोस्टाकोविचची पाचवी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) समोर कागद न ठेवता वाजवली, सगळ्यांनी पाठ. तिथल्या लोकांना याचं केवढं कौतुक. आपल्याकडे कागद ठेवला तर लोक बघतील, असं मनात येऊन मी सुरुवातीला जरा आढ्यतेनेच ऐकत होते. पण इतकी माणसं, प्रत्येकाचा वेगळा भाग, आणि सगळे एकमेकांकडे बघत वाजवताहेत. तिसऱ्या, संथ भागात आढ्यता कुठल्या कुठे गेली.

नवख्यासाठी थोडे संकेत. एका रचनेचे तीन-चार भाग असतात, त्यांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत असा रिवाज. कुणी वाजवल्याच तर कुणी रागवत नाही. दाद द्यायला ‘वा’ म्हणायची सवय मात्र आवरा. एकदा माझ्या तोंडून निसटलं आणि शेजारच्या बाई हसल्या. पियानोचं झाकण उचलताना अरीनातले लोक ‘हीव’ ओरडतात आणि गॅलरीतून ‘हो’ येतं, ही जुनी गंमत. उत्तरार्धाआधी अरीनातली मंडळी एका सुरात मोठ्याने सांगतात की संगीताशी संबंधित धर्मादाय संस्थांसाठी आजवर किती पैसे जमले. बाहेर पडताना त्यांच्या बादल्या असतात. माझ्या उरलेल्या नोटांपैकी एक तिथे गेली. मंचामागे हेन्री वुडचा अर्धपुतळा ठेवतात. जळालेल्या क्वीन्स हॉलच्या ढिगाऱ्यातून काढलेला तोच.

दिवसा

संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत दिवस मोकळा असतो. हॉलपासून चालत दहा मिनिटांवर तीन मोठी संग्रहालयं, तिन्ही फुकट. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपूचा वाघ आहे, साहेबाला फाडणारा. त्याच्या पोटात चक्क ऑर्गन बसवलेला आहे.

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. दुकानांत सँडविच, फळ आणि पेय यांचा चार पौंडांच्या आसपासचा संच मिळतो, दुपारचं त्यावर भागतं. युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर डोसा-भेळ सगळं आहे. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ लंडनची स्वतःची वास्तू आहे, मंडळ १९३२ पासूनचं. तिथे आधी चौकशी करून जा. रोज उघडं असेलच असं नाही.

खर्च

मोठे आकडे असे: विमान एकाहत्तर हजार, व्हिसा आणि त्याच्या आजूबाजूचं मिळून सोळा-सतरा हजार, खोली लाखाच्या वर, रोजचा प्रवास आणि खाणं पंचवीस-तीस पौंड. सगळ्या मैफलींची तिकिटं मिळून व्हिसाच्या फीएवढीही झाली नाहीत. खोली दोघांत वाटून घेतली तर गणित बरंच सुधारतं. भाचा रात्री घोरतो, म्हणून मी नाही घेतली.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये बँक खात्यातल्या मोठ्या उलाढाली उरकून घ्याव्यात, म्हणजे अर्जाच्या वेळी स्टेटमेंट शांत दिसतं. पासपोर्टची मुदत आणि कोरी पानं आत्ताच पाहा. आणि ती झेंडे, टोप्या आणि गाण्यांची शेवटची रात्र, जी टीव्हीवर पाहून सगळ्यांना जावंसं वाटतं, तिचं तिकीट थेट मिळणं कठीण. बहुतेक जागा सोडतीने जातात, आणि एका सोडतीत भाग घ्यायला आधी इतर पाच मैफलींची तिकिटं घेतलेली असावी लागतात. ती रात्र सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारच्या आसपास असते. २०२५ मध्ये ती अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याने होती, म्हणजे गौरी-गणपती उरकून जाणाऱ्याला जमली असती. भाच्याने तेवढ्यासाठी पुढच्या वर्षीचं कॅलेंडर मागवलं आहे, कालनिर्णयच हवं म्हणाला.